क्लिंकनाखल : रिबिटाच्या डच नावाची व्युत्पत्ती

पाणकणीस

नमस्कार.

मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट येथे राहते. गेल्या महिन्यात घरातल्या जुन्या लोखंडी कढईचा एक कान सैल झाला. ज्याला आपल्याकडे कोणी रिबिट, तर कोणी रिपिट म्हणतात, तो आखूड आणि बसक्या डोक्याचा खिळा शोधत मी इथल्या अवजारांच्या दुकानात गेले. पुडक्यावर 'क्लिंकनाखल' असा शब्द छापलेला होता. (लिहिताना त्यात 'ग' येतो, पण डच 'ग' घशातून घासत येत असल्यामुळे आपल्या कानाला तो 'ख'च्या जवळचा वाटतो, म्हणून मी 'नाखल' असे लिहिते आहे.) कढईचा कान बसला, पण तो शब्द तेव्हापासून मनात घोळतो आहे.

शब्द जोडशब्द आहे, हे उघड आहे. त्यातला 'नाखल' म्हणजे बोटाचे नखही आणि खिळाही. अडचण 'क्लिंक' या पहिल्या भागाची आहे. 'क्लिंकन' या क्रियापदाचा रोजचा अर्थ वाजणे, निनादणे असा आहे. इथे स्वरांना 'क्लिंकर' म्हणतात, म्हणजे ज्यांना स्वतःचा नाद आहे ते वर्ण, आणि व्यंजनांना 'मेडेक्लिंकर', म्हणजे दुसऱ्याच्या सोबतीने वाजणारे. लॅटिन संज्ञांवरून घडवलेले हे शब्द मला फार आवडतात, कारण आपला 'स्वर' हा शब्दही मुळात नादाचाच आहे. डेल्फ्टच्या जुन्या गल्ल्यांत जमिनीवर ज्या कडक भाजलेल्या विटा बसवलेल्या आहेत त्यांनाही 'क्लिंकर' म्हणतात, कारण पक्की भाजलेली वीट दुसऱ्या विटेवर आपटली की खणखणते.

त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ 'ठोकून जोडणे' असा आहे. शिवाय 'क्लिंक' हे एक स्वतंत्र नामही आहे आणि त्याचा अर्थ दाराची खिटी किंवा मूठ असा होतो.

मग क्लिंकनाखल म्हणजे वाजणारा खिळा, जोडणारा खिळा, की खिटीचा खिळा? मला आधी तिसरा अर्थ पटला होता, कारण खिटीसुद्धा दोन गोष्टी एकत्र धरून ठेवते. जाणकारांनी कृपया आपले मत सांगावे.

शब्दशोधन

पाणकणीस, तुमचा प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

खिटीचा अर्थ प्रथम बाजूला ठेवू. डच भाषेत क्रियापदाचा धातू पुढे ठेवून त्याला नाम जोडण्याची रीत अगदी रुळलेली आहे. 'स्ख्रेइफमशीने' म्हणजे लिहिण्याचे यंत्र, 'एटकामर' म्हणजे जेवण्याची खोली, आणि कारखान्यातले उदाहरण हवे असेल तर 'ड्राइबांक' म्हणजे फिरवण्याचे बाकडे, अर्थात लेथ. क्लिंकनाखल याच साच्यातला आहे. नुसत्या रूपावरून पाहता खिटीचा 'क्लिंक'ही इथे बसू शकला असता, हे मान्य. पण या शब्दाची सख्खी भावंडे पाहिली की शंका उरत नाही. रिबिट ठोकण्याच्या हातोडीला 'क्लिंकहामर' म्हणतात (हे तिकडे आडनावही आहे) आणि ते काम करणाऱ्या कारागिराला 'क्लिंकर' म्हणतात. यांपैकी कोणाचाच खिटीशी संबंध नाही. उलट खिटीलाच 'क्लिंक' हे नाव ती पडताना होणाऱ्या आवाजावरून मिळाले असावे, असे मानले जाते. तेव्हा खिटी ही या शब्दाची आई नसून फार तर बहीण ठरते.

उरले दोन अर्थ, आणि खरी मेख इथेच आहे. वाजणे आणि ठोकून जोडणे ही एकाच क्रियापदाची दोन रूपे, की योगायोगाने सारखी दिसणारी दोन क्रियापदे?

माझे मत ते एकच क्रियापद आहे असे आहे, आणि त्याचे कारण व्याकरणात सापडते. जर्मानिक भाषांत, म्हणजे डच, इंग्रजी, जर्मन यांच्या कुळात, मूळ क्रियापदावरून प्रयोजक क्रियापद घडवताना आतला स्वर बदलत असे. डचमध्ये 'ड्रिंकन' म्हणजे पिणे आणि 'ड्रेंकन' म्हणजे पाजणे. 'झिटन' म्हणजे बसणे आणि 'झेटन' म्हणजे बसवणे, ठेवणे. आपल्याकडेही पडणे–पाडणे, मरणे–मारणे अशा जोड्यांत स्वरच काम करतो, त्यामुळे मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. जोडणे हा अर्थ असलेले क्रियापद वेगळ्या, प्रयोजक घडणीचे असते, तर डचमध्ये त्याचे रूप 'क्लेंकन' असे झाले असते आणि त्याचा भूतकाळ नियमित प्रत्यय लावून झाला असता. प्रत्यक्षात दोन्ही अर्थांना रूप एकच आहे आणि भूतकाळही एकच आहे : क्लिंकन, क्लोंक, खेक्लोंकन. घंटा वाजली तरी 'क्लोंक' आणि कारागिराने पत्रे जोडले तरी 'क्लोंक'.

या दोन अर्थांना सांधणारा मधला अर्थ म्हणजे आघात. नाद करणे, नाद उमटेल असा आघात करणे, आणि तसा आघात करून पक्के करणे, अशी ही वाट आहे. जेवणाच्या टेबलावर पेल्याला पेला भिडवण्यालाही डच लोक 'क्लिंकन' म्हणतात. त्यात आघातही आहे आणि नादही आहे. आपला 'ठोकणे' याच वाटेने गेलेला आहे. ठकठक हा आवाज, ठोकणे ही क्रिया, आणि खिळा ठोकणे म्हणजे तो पक्का बसवणे. आपण बेड्या ठोकतो, तसे डचमध्ये माणसाला साखळदंडात 'क्लिंक' करतात, कारण पूर्वी बेडीचे तोंड खरोखरच रिबिट ठोकून बंद केले जात असे.

तांबूस

वरील विवेचन आवडले, पण एक हरकत नोंदवते. इंग्रजीत मूठ आवळणे किंवा दात आवळणे यासाठी 'क्लेंच' हे क्रियापद आहे आणि खिळ्याचे पलीकडे आलेले टोक वाकवून ठोकण्यासाठी 'क्लिंच' हे त्याचेच दुसरे रूप आहे. जुन्या इंग्रजीत ते 'बेक्लेंचन' असे सापडते आणि त्याचा अर्थ घट्ट धरणे असा होता. आवाजाचा तिथे मागमूस नाही. डच क्लिंकनमधला जोडण्याचा अर्थ आवाजातून न येता या धरून ठेवण्याच्या कुळातून आला असेल, ही शक्यता इतक्या सहज सोडून द्यावी का?

शब्दशोधन

तांबूस, सोडून देऊ नये. अभ्यासकांमध्ये या जागी दोन मते आहेतच. मात्र तुम्ही दिलेले इंग्रजी रूप माझ्याच मुद्द्याला बळ देते, कारण 'क्लेंच'मधला 'ए' हा त्या प्रयोजक घडणीचाच ठसा आहे आणि डच शब्दात तोच नाही. दोन जवळच्या क्रियापदांचे अर्थ एकमेकांत मिसळले असतील, हे मी नाकारत नाही. समुद्रकाठच्या कारागिरांची भाषा एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाते, आणि नॉर्वेत फळीवर फळी चढवून खिळ्यांनी जोडलेल्या नावेला आजही 'क्लिंकबिग्द' म्हणतात. (या नौकाबांधणीची नोंद युनेस्कोने २०२१ साली अमूर्त वारशाच्या यादीत केली.) गंमत म्हणजे डचमध्ये अशा बांधणीला हा शब्द वापरत नाहीत; तिथे तिला 'ओव्हरनाट्स' म्हणतात, म्हणजे शिवणीवर शिवण चढवलेली.

तरीही शब्दाचे मूळ ठरवताना मी त्याच्या रूपाला अधिक मान देतो. अर्थ सरकतात, मिसळतात, उसने येतात. भूतकाळाची अनियमित रूपे तशी उसनी घेतली जात नाहीत.

जुनागोदीकर

मी भाषेचा अभ्यासक नाही. माझी उमेदीची वर्षे मुंबईच्या गोदीत गेली, आणि गरम रिबिटाचे काम मी जवळून पाहिलेले आहे. त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

रिबिट आणि साधा खिळा यांत मोठा फरक आहे. खिळा लाकडाच्या पकडीवर टिकतो. रिबिटाला दोन्ही बाजूंनी डोके असते, आणि त्यातले दुसरे डोके जागेवरच घडवावे लागते. हे काम चौघांच्या टोळीचे असे. एक जण भट्टीत रिबिट लालभडक तापवायचा आणि चिमट्याने उचलून पुढे टाकायचा, दुसरा ते झेलून भोकात घालायचा, तिसरा मागच्या बाजूने जड ठोकळा दाबून धरायचा, आणि चौथा पुढून हातोडीने किंवा हवेच्या हत्याराने टोक ठोकून त्याचे डोके करायचा. तापलेले रिबिट निवताना आखडते आणि दोन्ही पत्र्यांना एकमेकांकडे ओढून घेते, म्हणून सांधा इतका घट्ट बसतो की त्यातून पाणी शिरत नाही. तो आवाज लोखंडी कोठीत घुमला की कानठळ्या बसत, आणि अनेक जुने कारागीर उतारवयात ऐकू येईनासे होत.

दुसरी गोष्ट तुमच्या चर्चेशी थेट जोडलेली आहे. काम झाल्यावर तपासनीस लहान हातोडी घेऊन एकेका रिबिटावर टिचकी मारल्यासारखा ठोका देत पुढे जायचा. पक्के बसलेले रिबिट खणकन वाजते. सैल असेल तर आवाज बद्द येतो आणि दुसऱ्या बाजूला टेकवलेल्या बोटाला थरथर जाणवते. अशा रिबिटावर तो खडूने खूण करायचा आणि ते कापून नवे घालावे लागे. शब्द कसा घडला ते मी सांगू शकत नाही, पण ज्याने हे काम केले आहे त्याच्या लेखी वाजणे आणि जोडले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एवढे मी खात्रीने सांगतो.

पाणकणीस

जुनागोदीकर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि मग उठून कढईच्या कानावर चमच्याने ठोका दिला. एक रिबिट खणकन वाजले, दुसऱ्याचा आवाज मात्र बद्द आला, त्यामुळे ते पुन्हा बसवावे लागणार आहे.

तुम्ही सांगितलेल्या परीक्षेवरून डचमधले दोन प्रयोग आठवले. रोख रकमेला तिकडे 'क्लिंकेंडे मुंट' म्हणतात, म्हणजे वाजणारे नाणे. आपल्या 'खणखणीत नाण्या'शी याचे किती जवळचे नाते आहे! आणि व्यवहार ठरला, पक्का झाला, या अर्थी 'बेक्लोंकन' हा शब्द येतो. मी आजवर तो पेल्यांवरून आला असे समजत होते, म्हणजे सौदा ठरला आणि पेल्याला पेला भिडवला. आता वाटते की तो रिबिटावरून आलेला आहे.

शब्दशोधन

होय. 'बे' हा उपसर्ग क्रिया पूर्णपणे, सर्व बाजूंनी झाल्याचे दाखवतो. 'बेक्लिंकन' म्हणजे मुळात चहूबाजूंनी ठोकून पक्के करणे, आणि त्यावरून व्यवहार पक्का करणे. पेल्यांची आठवण त्याला नंतर चिकटली, आणि ती चिकटणे स्वाभाविकच होते.

अक्षरा_ल्युव्हन

मी बेल्जियममध्ये ल्युव्हन येथे शिकते. इथल्या डच भाषेच्या निमित्ताने 'नाखल'बद्दल थोडी भर घालते.

नेदरलँड्समध्ये भिंतीत ठोकायच्या खिळ्याला 'स्पेइकर' म्हणतात आणि 'नाखल' हा शब्द एकटा आला तर बहुधा बोटाचे नख असा अर्थ घेतात. इथे फ्लांडर्समध्ये मात्र भिंतीतला खिळासुद्धा अजून 'नाखल'च आहे. नेमका मुद्दा हेरला असे म्हणायचे असेल तर नेदरलँड्समधला माणूस स्पेइकरच्या डोक्यावर ठोकतो आणि इथला माणूस नाखलच्या. उत्तरेत धातूच्या खिळ्याचा अर्थ एकट्या शब्दातून मागे पडला असला तरी जोडशब्दांत तो शाबूत आहे : क्लिंकनाखल, घोड्याच्या नालाचा 'हूफनाखल', आणि 'पॉपनाखल', म्हणजे आपल्याकडचे पॉप रिबिट. एकटा शब्द झिजून अर्थ बदलतो आणि जोडशब्दात त्याचा जुना अर्थ जपलेला राहतो, हे मला या साऱ्या चर्चेतले सर्वांत सुंदर वाटते. सोळाव्या शतकात अँटवर्पमध्ये जन्मलेला चित्रकार योरिस हूफनाखल याचे आडनावही घोड्याच्या नालाचा खिळाच आहे.

स्पेइकर या शब्दात एक फसवी जागा आहे. जुन्या डचमध्ये धान्याच्या कोठारालाही 'स्पेइकर' म्हणत. तो शब्द कणीस या अर्थाच्या लॅटिन 'स्पिका'वरून घडलेल्या कोठारवाचक शब्दातून आला आहे. खिळ्याचा स्पेइकर हा अणकुचीदार टोकाच्या अर्थाचा जर्मानिक शब्द आहे. दोन्ही आज सारखे दिसतात, म्हणून कोठाराला खिळे ठोकतात म्हणून ते नाव पडले, असले स्पष्टीकरण कोणी देऊ लागले तर ते मानू नये.

आणखी एक. जीन्सच्या पँटला डचमध्ये 'स्पेइकरब्रूक' म्हणतात, म्हणजे खिळ्यांची विजार. खिशांच्या कोपऱ्यांवर जी तांब्याची बटणे दिसतात ती खरे तर रिबिटे असतात. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना त्या युक्तीचे पेटंट २० मे १८७३ रोजी अमेरिकेत मिळाले. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर ती 'क्लिंकनाखलब्रूक' व्हायला हवी होती. पण विजार घालणाऱ्यांनी नाव ठेवताना कारागिराचा शब्द न घेता घरातला शब्द घेतला.

रानवारा

एक साधा प्रश्न आहे. नाखल आणि आपले नख यांचा संबंध आहे का? ऐकायला तर अगदी सारखे वाटतात.

शब्दशोधन

संबंध आहे, पण ऐकण्यातल्या सारखेपणामुळे नाही. डच नाखल, इंग्रजी नेल, लॅटिन उंग्विस, ग्रीक ओनिक्स, फारसी नाखून आणि संस्कृत नख हे शब्द एकाच इंडो-युरोपीय कुळातले मानले जातात. परंतु डचमधला 'ख'सारखा ध्वनी हा 'ग'चा घासून केलेला उच्चार आहे आणि तो डचमध्ये स्वतंत्रपणे घडला. मूळ ध्वनी 'घ'सारखा होता, त्यामुळे संस्कृतमध्ये नियमाने 'घ' किंवा 'ह' येणे अपेक्षित होते. 'नख'मधला 'ख' हा अपवाद आहे आणि त्याच्या कारणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणजे नाते खरे आहे, पण ज्या ध्वनीमुळे ते आपल्या कानाला पटते तो ध्वनीच योगायोगाचा आहे. व्युत्पत्तीच्या कामात कानावर विसंबू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

नखावरून खिळा हा अर्थ जर्मानिक भाषांत रुजला. आपल्याकडे नख बोटापाशीच राहिले. आपला खिळा संस्कृत कील–खील यांच्याकडून आला आणि मेख फारसी 'मीख'कडून आली.

वेंगुर्ल्याचा

शब्दशोधन यांनी मीखचा उल्लेख केला म्हणून लिहितो. डचमध्ये लवंगेला 'क्राउटनाखल' म्हणतात, म्हणजे मसाल्याचा खिळा. लवंग हातात घेऊन पाहिली तर दांडा आणि डोके स्पष्ट दिसते. फारसीतही हेच झाले : मीख म्हणजे खिळा आणि 'मीखक' म्हणजे लहान खिळा, अर्थात लवंग. इंग्रजीतला 'क्लोव्ह' हा खिळा या अर्थाच्या फ्रेंच 'क्लू'वरून आला. जर्मनमध्ये तर लहान खिळा या अर्थाचा 'नेल्के' आधी लवंगेला आणि मग लवंगेसारख्या वासाच्या कार्नेशनच्या फुलाला मिळाला, आणि फारसी मीखकचाही प्रवास त्या फुलापर्यंत झाला.

आमच्या वेंगुर्ल्यात १६३७ साली डचांनी वखार घातली आणि तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीने लवंगेच्या व्यापारासाठी मोलुक्का बेटांवर एवढी सत्ता गाजवली, तिचे लोक आमच्या किनाऱ्यावर लवंगेला खिळा म्हणत वावरत होते. मी त्या भिंतींपाशी लहानपणापासून जातो आहे, पण या शब्दामुळे त्या मला प्रथमच बोलक्या वाटल्या.

जकार्ताहून

मी कामानिमित्त इंडोनेशियात असतो. इथे रिबिटाला 'पाकू केलिंग' म्हणतात. पाकू म्हणजे खिळा. मलय भाषेत दक्षिण भारतातून आलेल्या लोकांनाही पूर्वीपासून 'केलिंग' म्हणत आणि तो शब्द कलिंग देशाच्या नावावरून आला आहे (आज तो अपमानकारक समजला जातो, त्यामुळे माणसांसाठी तो वापरू नये). माझे इथले काही भारतीय सहकारी म्हणतात की रिबिटाची विद्या भारतातून आली म्हणून त्याला 'कलिंगाचा खिळा' म्हणतात. हा धागा वाचल्यावर मला त्याविषयी शंका येऊ लागली आहे.

शब्दशोधन

तुमची शंका रास्त आहे. हा 'केलिंग' डच 'क्लिंक'च आहे. मलय भाषेला शब्दाच्या आरंभी जोडाक्षर जड जाते, म्हणून ती मध्ये एक स्वर घालते : डच 'क्लास'चे इंडोनेशियात 'केलास' झाले आणि 'ख्लास', म्हणजे पेला, याचे 'गेलास' झाले. त्याच रीतीने क्लिंकचे केलिंग झाले आणि शेवटचा 'क' गळाला. कलिंगावरून आलेला केलिंग त्याच्याआधी कित्येक शतके तिथे होता. दोघांची गाठ केवळ ध्वनीमुळे पडली. या पुराव्याला आधारही आहे, कारण जोडकामाचे इतर शब्दही इंडोनेशियाने डचांकडूनच घेतले आहेत. बोल्टला 'बाउट', स्क्रूला 'सेक्रुप' आणि नटला 'मुर' म्हणतात. शेवटचा शब्द डच 'मूर'वरून आला असून तो आई या अर्थाच्या 'मूडर' शब्दाचे आखडलेले रूप आहे, कारण नटाच्या पोटात बोल्ट जातो.

पाणकणीस

मूळ लेखातले खिटीविषयीचे माझे वाक्य मी तसेच ठेवते आहे, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला मी कुठे चुकले होते ते दिसेल. जकार्ताहून, तुम्हाला जमले तर तिथल्या दुकानातल्या पुडक्यावर 'पाकू केलिंग'च्या खाली जुने डच नावही छापलेले असते का, तेवढे पाहून कळवावे.

जकार्ताहून

आज दुपारी पाहिले. पुडक्यावर 'पाकू केलिंग' एवढेच होते, डच नाव नव्हते. दुकानदाराला मी केलिंग म्हणजे काय असे विचारले, तेव्हा त्याने काउंटरवरचे एक रिबिट उचलले, लोखंडी पट्टीच्या भोकात घातले आणि हातोडीने दोनदा ठोकून दाखवले.